लघवीतलं प्रोटीन आणि हृदयाचा धोका: आत्याच्या एका प्रश्नाचं उत्तर

माझी आत्या सेलूजवळच्या एका खेड्यात राहते. वय 58, शुगरला 11 वर्षं झालेली, बीपीची गोळी चालू. यंदाच्या उन्हाळ्यात तिला तपासायला परभणीला नेलं. ईसीजी चांगला निघाला. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन 0.9, म्हणजे नॉर्मल. लघवीच्या रिपोर्टात अल्ब्युमिन या प्रोटीनसमोर ‘निल’, म्हणजे काही नाही. पिशवी उचलून आम्ही निघणार, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, “लघवीची अजून एक तपासणी करून घेऊ. हृदयासाठी.”

आत्या माझ्याकडे बघायला लागली. बाहेर आल्यावर म्हणाली, “छातीत काही दुखंना, दम लागंना, अन् हृदयासाठी लघवी कशाला बघायची गं माय?”

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. त्यात अल्ब्युमिनचा आकडा होता 118, आणि 30 च्या आत असायला हवा, असं शेजारी छापलेलं. तेव्हापासून आत्याचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आपल्याकडे शुगर-बीपीचा पेशंट नाही असं घर शोधावं लागेल, आणि तरी ही तपासणी फार थोड्यांची होते. म्हणून तिला जसं समजावून सांगितलं तसंच इथं लिहिते आहे.

आधी चाळणी

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात साधारण 10 लाख बारीक चाळण्या असतात. प्रत्येक चाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. या सगळ्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी रक्तातून गाळून काढतात. टँकर आल्यावर भरून ठेवायला अंगणात असतो तो निळा ड्रम 200 लिटरचा, म्हणजे जवळजवळ तेवढं. त्यातलं बहुतेक पाणी शरीर परत आत घेतं आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर जाते.

रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन असतं. ते यकृतात तयार होतं. रक्तातलं पाणी रक्तवाहिनीतच धरून ठेवणं हे त्याचं मोठं काम. तेच ते रक्त फिरून फिरून मूत्रपिंडात येतं. तो हिशेब धरला तर दिवसभरात जवळपास 30 किलो अल्ब्युमिन या चाळण्यांसमोरून जातं. आणि निरोगी माणसाच्या लघवीत उतरतं किती? दिवसाला 30 मिलिग्रॅमपेक्षा कमी. चिमूटभर मीठसुद्धा याच्या कितीतरी पट भरतं. इतकी ही चाळणी पक्की असते, म्हणूनच तिच्यातून थोडंसं जास्त गळायला लागलं तरी ती बातमी असते.

विहिरीपासून रानापर्यंतची पाइपलाइन

शेतातली जमिनीखालची पाइपलाइन डोळ्यासमोर आणा. विहिरीपासून निघते, बांधाखालून जाते, चार रानांत फिरते. सगळी गाडलेली. एके दिवशी एका बांधाजवळ जमीन ओली दिसते. जाणता शेतकरी तेवढ्या जागी चिंधी गुंडाळून मोकळा होत नाही. त्याच्या मनात येतं की सगळा पाइप एकाच वर्षी टाकलेला आहे, मोटरचा दाबही सगळीकडे तोच. इथं फुटला तर बाकीच्या पाइपाची काय अवस्था असंल?

आपल्या सगळ्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं. वैद्यकशास्त्रात त्याला एंडोथेलियम म्हणतात, आपण अस्तरच म्हणू. त्यावर बुळबुळीत पदार्थाचा आणखी एक थर असतो. वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब आणि तंबाखू वर्षानुवर्षं हे अस्तर झिजवतात. मूत्रपिंडात ते झिजलं की अल्ब्युमिन लघवीत उतरतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत झिजलं की कोलेस्टेरॉल भिंतीत मुरायला लागतं, सूज येते, पुढं तिथं गुठळी होऊ शकते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचंही तेच. फरक एवढाच की हृदयात आणि मेंदूत होणारी ही झीज बाहेरून दिसत नाही, मूत्रपिंडातली झीज मात्र कपभर लघवीत मोजता येते. आपल्या पाइपलाइनीची ओली जमीन ती हीच.

लघवीतलं अल्ब्युमिन म्हणजे फक्त मूत्रपिंडाचा बिघाड नाही, सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या झिजत असल्याची ती खूण आहे, ही कल्पना डेन्मार्कमधल्या स्टेनो या मधुमेह केंद्राच्या डॉक्टरांनी 1989 साली मांडली.

गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. मूत्रपिंड बिघडायला लागलं की शरीरात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब आणखी चढतो आणि हृदयावरचा भार वाढतो. म्हणजे गळणारं अल्ब्युमिन ही नुसती खूण राहत नाही, त्यामागचा मूत्रपिंडाचा बिघाड स्वतःच हृदयाला त्रास द्यायला लागतो. हृदय आणि मूत्रपिंड एकमेकांना सावरतात तशी एकमेकांना ओढूनही नेतात.

हे कळलं कसं?

लंडनच्या गाइज हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. 1827 साली त्यांनी अंगावर सूज असलेल्या रुग्णांबद्दल लिहिलं. रुग्णाची लघवी चमच्यात घ्यायची आणि मेणबत्तीवर धरायची. अंड्यातला पांढरा बलक उकळल्यावर घट्ट होतो तशी ती गढूळ झाली, की त्यात अल्ब्युमिन आहे असं समजायचं. अशा रुग्णांच्या शवविच्छेदनात पुष्कळदा हृदय मोठं झालेलं आढळतं, हेही त्यांनी पुढच्या काही वर्षांत नोंदवलं. लघवी आणि हृदय यांचा धागा तेव्हाच कुणाच्या तरी हाती लागला होता.

चमच्यात दिसण्याइतकं अल्ब्युमिन म्हणजे फार उशिराची अवस्था. अगदी थोडं अल्ब्युमिन मोजायची सोय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. डेन्मार्कच्याच कार्ल एरिक मोगेन्सेन यांनी 1984 साली दाखवलं, की उतारवयात मधुमेह झालेल्या ज्या लोकांच्या लघवीत थोडंसं जास्त अल्ब्युमिन होतं, त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूंचं प्रमाण अधिक होतं. मग प्रश्न आला, ज्यांना मधुमेह नाही त्यांचं काय? नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन शहरात 40,000 हून जास्त साध्या नागरिकांच्या लघवीचे नमुने घेतले गेले. त्याचा निष्कर्ष 2002 साली आला. मधुमेह नसलेल्या लोकांतही अल्ब्युमिन जसं वाढत जातं, तसा हृदयविकारानं मरण्याचा धोका वाढत जातो.

2010 साली अनेक देशांतले असे अभ्यास एकत्र करून आकडे मांडले गेले. लघवीतल्या अल्ब्युमिनचा आकडा (आत्याच्या 118 च्याच मापात) 5 असलेल्या माणसाशी तुलना केली, तर 30 असलेल्याला मृत्यूचा धोका सुमारे 1.6 पट आणि 300 असलेल्याला सुमारे 2.2 पट निघाला. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं होणाऱ्या मृत्यूंचं चित्रही साधारण तसंच होतं. वय, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा हिशेब वेगळा काढूनही हा फरक उरतो. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की धोका 30 ला एकदम सुरू होत नाही. 10 पासूनच तो हळूहळू चढताना दिसतो.

‘पट’ हा शब्द मात्र जपून वाचावा. समजा, एखाद्या वयाच्या 100 माणसांपैकी 5 जण पुढच्या काही वर्षांत हृदयाच्या आजारानं दगावणार असतील. 1.6 पट म्हणजे तिथं 8. उरलेले 92 जण त्यानं दगावणार नाहीत. आत्याला मी हे दोनदा सांगितलं, कारण 118 ऐकल्यावर तिनं शेत कुणाच्या नावावर करायचं याचा विचार सुरू केला होता.

‘निल’ असूनही 118 कसा?

गावोगावच्या लॅबमध्ये लघवीची साधी तपासणी होते ती पट्टीनं. पट्टी लघवीत बुडवायची आणि रंग बघायचा. अल्ब्युमिन बरंच जास्त असलं तरच तिचा रंग नीट बदलतो. थोडं असेल, किंवा लघवी पातळ असेल, तर पट्टी ‘निल’च सांगते. ती खोटं बोलत नाही, तिची नजरच तेवढी आहे.

आत्याची दुसरी तपासणी होती तिचं नाव अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, थोडक्यात एसीआर. काही लॅब तिला ‘मायक्रोअल्ब्युमिन’ म्हणतात. त्यानं गोंधळ होतो, कारण ऐकणाऱ्याला वाटतं हे अल्ब्युमिन काहीतरी वेगळं, लहान जातीचं आहे. अल्ब्युमिन तेच, फक्त थोडं.

यात क्रिएटिनिन कशासाठी? आमटीचं उदाहरण घ्या. कुणी किती पाणी ओतलं हे माहीत नसेल, तर आमटीत मीठ जास्त पडलं का कमी हे वाटीभर आमटीवरून कळत नाही. पण डाळ किती आणि मीठ किती हे मोजलं, तर पाणी कितीही असो, अंदाज येतो. क्रिएटिनिन ही स्नायूंच्या कामातून निघणारी घाण. ती रोज जवळपास सारख्या प्रमाणात लघवीतून जाते. ती आपली डाळ. वैशाखात रानात काम करणाऱ्या बाईची लघवी घट्ट पिवळी असते आणि पावसाळ्यात घरी बसलेल्या माणसाची पाण्यासारखी. एसीआरमुळे दोघांची तुलना करता येते. यातही एक मेख आहे. फार हाडकुळ्या, वयस्कर माणसाचे स्नायू कमी, म्हणून डाळच कमी, त्यामुळं आकडा थोडा फुगून येऊ शकतो.

आकड्याचा अर्थ असा. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 मिलिग्रॅमच्या आत अल्ब्युमिन असेल तर ठीक, 30 ते 300 म्हणजे वाढलेलं, आणि 300 च्या वर म्हणजे फार वाढलेलं. रिपोर्टवर एकक नक्की बघा. काही ठिकाणी वेगळं एकक वापरतात, त्यात हीच 30 ची रेषा 3 वर येते.

“क्रिएटिनिन तर नॉर्मल आहे ना!”

हे वाक्य मी आजवर कितीतरी घरांत ऐकलं आहे. इथं रक्तातल्या क्रिएटिनिनबद्दल बोलणं चाललेलं असतं. मूत्रपिंडाची ताकद बरीच राखीव असते. जवळजवळ निम्मी ताकद गेली तरी रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मलच्या चौकटीत राहू शकतं. अल्ब्युमिन बहुतेकदा त्याच्या कितीतरी आधी गळायला लागतं. म्हणून दोन्ही तपासण्या लागतात, एकीवर भागत नाही.

ईसीजीचंही तसंच. ईसीजी बहुतेक करून आज हृदय कसं चाललं आहे ते सांगतो. येत्या दहा वर्षांत रक्तवाहिन्या कुठल्या वाटेनं जाणार आहेत ते तो सांगू शकत नाही. अमेरिकेच्या हार्ट असोसिएशननं 2023 साली हृदयाचा पुढचा धोका काढण्यासाठी नवं गणित मांडलं, त्यात एसीआरचा आकडा घालायची सोय ठेवली आहे. त्याच वर्षी त्यांनी हृदय, मूत्रपिंड आणि शुगर-लठ्ठपणा हे वेगवेगळे आजार न समजता एकाच साखळीच्या कड्या समजा, असंही सांगितलं. आपण मात्र अजून हृदयाचा डॉक्टर वेगळा, किडनीचा वेगळा, शुगरचा वेगळा, आणि तीन फायली तीन पिशव्यांत ठेवतो.

लघवीला फेस येतो, म्हणजे प्रोटीनच का?

नेहमी नाही. जोरात, उंचावरून लघवी झाली किंवा भांड्यात साबण राहिला असला तरी फेस येतो. रोज येत असेल आणि बराच वेळ विरत नसेल तर तपासावं. पण 118 ला आत्याला फेस दिसलेला नव्हता. फेसाची वाट बघत बसलं तर फार उशीर होतो.

एकदा आकडा वाढला म्हणून लगेच घाबरू नये

अंगात ताप असला, लघवीत जंतुसंसर्ग असला, आदल्या दिवशी फार अंगमेहनत झाली असली, शुगर किंवा बीपी खूप चढलेलं असलं, तर अल्ब्युमिन तात्पुरतं वाढू शकतं. पाळीच्या दिवसांत नमुना दिला तरी आकडा चुकतो. दिवसभर ऊसतोड करून, मोळ्या वाहून आलेल्या माणसाचा संध्याकाळचा नमुना घेऊन काहीही ठरवू नये. शक्यतो सकाळी उठल्यावरची पहिली लघवी द्यावी, आणि तीन ते सहा महिन्यांच्या काळात तीनपैकी दोन नमुन्यांत आकडा वाढलेला दिसला तरच तो पक्का धरावा. आत्याचा दुसरा नमुना सहा आठवड्यांनी घेतला. आकडा आला 104.

कोणी तपासून घ्यावं?

नेहमीचा, म्हणजे टाइप 2 मधुमेह असेल तर निदान झालं त्याच वर्षी, आणि मग दरवर्षी. कारण हा मधुमेह कळायच्या कितीतरी आधीपासून अंगात असू शकतो. बीपी असलेल्यांनीही करावी. हृदयाचा आजार होऊन गेलेल्यांनी, घरात मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनीही. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आणि 31.5 कोटींना उच्च रक्तदाब आहे. हे आकडे 2023 साली छापून आले. या सगळ्यांना ही तपासणी लागते.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 30 वर्षांवरच्या लोकांचं बीपी आणि शुगर बघायची मोहीम आहे. ते चांगलंच काम आहे. पण लघवीतलं अल्ब्युमिन त्या यादीत येत नाही. आणि गंमत नव्हे, खंत अशी की लघवीतलं प्रोटीन हा शब्द आपल्या खेड्यांना नवा नाही. गरोदर बाईची लघवी प्रत्येक तपासणीला बघतात. बीपी वाढलं आणि लघवीत प्रोटीन आलं, की आशाताई आणि नर्सताई सावध होतात, कारण त्यातून अंगाला झटके (फिट) येऊ शकतात, बाई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. बाळंतपण झालं, बीपी उतरलं, की सगळे ते विसरतात.

विसरू नये. गरोदरपणात असा त्रास झालेल्या बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका इतर बायकांच्या साधारण दुप्पट असतो. वीस वर्षांपूर्वी बाळंतपणात अंगावर सूज आली होती, दवाखान्यात ठेवलं होतं, अशा बायका आपल्या प्रत्येक वाडीत आहेत. डॉक्टर विचारत नाहीत आणि बाई सांगत नाही. ही एक गोष्ट तरी आपल्या आईला, सासूला, बहिणीला आजच विचारा, आणि हो म्हणाली तर तिचं बीपी, शुगर आणि एसीआर तिघांचीही तपासणी करा.

ज्याला कुठलाही आजार नाही अशा तरण्या माणसानं धावत जाऊन ही तपासणी करावी, असं मी म्हणणार नाही. नेदरलँड्समध्ये ब्रेडा शहरात लोकांना घरी डबी पाठवून लघवीचे नमुने मागवायचा प्रयोग झाला, आणि त्यातून माहीत नसलेले कितीतरी रुग्ण सापडले. आपल्याकडे त्याआधी ज्यांना शुगर-बीपी आहे हे ठाऊक आहे, त्यांची तरी तपासणी पुरी व्हायला हवी.

“प्रोटीन जातंय, तर प्रोटीन पावडर खाऊ का?”

नको. पाइप फुटला म्हणून मोटरचा जोर कुणी वाढवत नाही. आत्याच्या आकड्याला गळणारं प्रोटीन दिवसाला ग्रॅमच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढं आहे, एका वाटी वरणातही त्याच्या कितीतरी पट असतं. जास्तीच्या प्रोटीननं चाळणीवर ताणच वाढू शकतो. उलट डाळ, दूध, अंडी एकदम बंद करणंही चूक. आपल्याकडे गरिबाच्या ताटात आधीच प्रोटीन कमी. नेहमीचं घरचं जेवण चालू ठेवावं आणि आजार पुढच्या टप्प्यावर असेल तर डॉक्टर सांगतील तसं करावं.

कमी करायचं असेल तर मीठ. दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, खारा ठेचा सगळं धरून. भाकरी-ठेच्यावर वाढलेल्या आपल्या जिभेला हे जड जातं हे मला माहीत आहे. आत्यानं लोणचं सोडलं नाही, दोन्ही वेळचं एक वेळ केलं.

गोळ्यांनी काही होतं का?

होतं, आणि म्हणूनच ही तपासणी करण्यात अर्थ आहे. बीपीच्या औषधांत दोन गट असे आहेत, की ते चाळणीवरचा दाबही उतरवतात. रॅमिप्रिलसारखी ‘प्रिल’नं संपणारी, आणि टेल्मिसार्टन, लोसार्टनसारखी ‘सार्टन’नं संपणारी. शुगरसाठी आलेलं डापाग्लिफ्लोझिन मूत्रपिंड आणि हृदय दोन्हींचं रक्षण करतं, आणि 2020 सालच्या मोठ्या चाचणीत तो फायदा मधुमेह नसलेल्यांतही दिसला. भारतात त्याचं पेटंट त्याच वर्षी संपलं, अनेक कंपन्या ते करायला लागल्या आणि किंमत खाली आली. कोलेस्टेरॉलची गोळी बऱ्याच जणांना लागते. आत्याची बीपीची गोळी वेगळ्या गटातली होती, ती डॉक्टरांनी बदलली. एवढाच मोठा बदल त्या 118 मुळं झाला, पण तो झाला हे महत्त्वाचं.

ही औषधं मनानं घ्यायची नाहीत. ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ गरोदरपणात चालत नाहीत, आणि ती सुरू केल्यावर रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासावं लागतं. उलट्या-जुलाब झाले, उन्हानं अंगातलं पाणी गेलं, तर या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागू शकतात. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

आणि एक कळकळीची विनंती अंगदुखीच्या गोळ्यांबद्दल. काढणीच्या दिवसांत दुकानातून डायक्लोफेनॅकची गोळी आणायची, खायची आणि परत रानात जायचं, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. ज्याच्या लघवीत अल्ब्युमिन आहे, त्याच्या मूत्रपिंडाला आणि हृदयाला या गोळ्या दुहेरी इजा करू शकतात. उन्हात पाणी कमी पडलेलं असताना तर जास्तच. आत्याच्या कनवटीला अशा गोळ्यांची एक पट्टी कायम असायची. ती मी काढून घेतली तेव्हा ती रागावली होती.

तिचा तिसरा नमुना सोयाबीनची काढणी आटोपली, आठ दिवस अंगाला विसावा मिळाला, की मग द्यायचा आहे. डबी तिनं आधीच लॅबवाल्याकडून आणून फडताळात ठेवली आहे.